कूलरवाल्याच्या घरचा गेमिंग पीसी

१७ मार्च २०२४, रविवार

लिहून ठेवतो, नाहीतर कोणता पार्ट काहून घेतला हे पुढच्या महिन्यात मलाच आठवणार नाही. नागपूरच्या महाल भागात माझं मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. कूलरच्या मोटरी, टिल्लू पंप, पंखे, मिक्सर, सगळं येते, आणि मार्च लागला की अख्ख्या नागपूरचे कूलर माळ्यावरून खाली उतरतात म्हणजे सध्या मला जेवायला फुरसत नाही. आणि नेमकं आत्ताच पोरीने दहावीच्या दोन पेपरांच्या मधात गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर गेमिंग पीसीची यादी करून ठेवली. सौदा जुनाच आहे, दहावी झाली की पीसी, मीच बोलून बसलो होतो. बजेट मॉनिटर धरून ७० हजार.

यादी पाहिली. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण यादीत एका ठिकाणी डीडीआर५ लिहिलं होतं आणि खाली रॅमसमोर डीडीआर४, तर मी विचारलं हे असं काहून? ती म्हणे बाबा, चार आणि पाच, चालते. मग तिनेच शोधलं आणि गप्प बसली. मदरबोर्ड एएम५ चा, म्हणजे एएमडी कंपनीच्या नव्या प्रोसेसरांचा, निवडला होता आणि एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. दोन्ही रॅमला पिना २८८ च आहेत पण मधली खाच वेगळ्या जागी, म्हणजे स्लॉटमधे जाणारच नाही. बोर्ड एका व्हिडिओतून आणि रॅम दुसऱ्यातून उचलली होती तिने. मी म्हटलं बेटा पेपर होऊ दे आधी.

२४ मार्च, रविवार, होळी

आज दुकान दुपारीच बंद केलं. पोरगी अभ्यास करून राहिली होती म्हणून मी एकट्यानेच वहीतली यादी घेऊन बसलो. एवढं कळलं की सगळी सुरुवात सॉकेटपासून आहे, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेपासून. मोटरमधे फ्रेम साइज असते तसं समजा, एकदा फ्रेम ठरली की शाफ्ट, बेअरिंग, पंख्याची पाती सगळं त्याच मापाचं.

तर पर्याय तीन. एएम५, नवा, २०२२ मधे आला, पुढे बरीच वर्षं प्रोसेसर बदलता येईल पण बोर्ड आणि डीडीआर५ मिळून आमचं बजेट फाटते. इंटेलचा एलजीए १७००, बारावी ते चौदावी पिढी त्याच्यावर बसते, पण याच्यात गंमत अशी की एकाच सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४ चे आहेत आणि काही डीडीआर५ चे, नाव जवळपास सारखंच, म्हणजे डबा नीट वाचला नाही तर गेले पैसे. आणि एएम४, जुना, २०१६ पासूनचा, डीडीआर४. त्याच्यावर रायझन ५ ५६००, ६ कोर १२ थ्रेड, ६५ वॅटचा.

पोरीचं म्हणणं एएम५ घ्या, पुढचं पाहा. माझं म्हणणं पुढचं पाहायला आज ग्राफिक्स कार्डाला पैसे उरले पाहिजेत. गेममधे मेहनत कार्डच करते हे तिच्याच व्हिडिओत सांगून राहिले होते. तर एएम४. ती थोडी रुसली, मग पुरणपोळी खाऊन ठीक झाली.

बोर्ड बी४५० स्वस्त पडतो पण तो ५६०० च्या आधीचा. जुना स्टॉक असला तर त्याच्या बायोसला, म्हणजे बोर्डातल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, हा प्रोसेसर ओळखू येत नाही, सगळं बरोबर जोडलं तरी स्क्रीन काळीच. अपडेट करायला आधी जुना चालणारा प्रोसेसर लावावा लागतो, तो आपण कुठून आणायचा. बी५५० घेतलेला बरा, आणि त्यातही मागच्या बाजूला बायोस फ्लॅशचं बटण असलेला, त्याच्यात प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून अपडेट होते. मी म्हटलं हे बटण पाहिजेच, हजार रुपये जास्त गेले तरी चालते.

३० मार्च, शनिवार

पेपर संपले. संध्याकाळी दोघं गाडीवर बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबर तीनमधे. गाडी लावायलाच पंधरा मिनिटं. चार दुकानं फिरलो, त्यातल्या दोन गोष्टी लिहून ठेवतो.

एक. पहिल्या दुकानातला पोरगा म्हणे ५६०० नका घेऊ, ५६००जी घ्या, त्याच्यात ग्राफिक्स आतच आहे, कार्ड बिघडलं तरी पीसी चालू, दोन्ही कामं होतात. ऐकायला इतकं बरोबर वाटलं की मी खिशात हात घातलाच होता. पोरीने मला बाजूला ओढलं. म्हणे बाबा, जी मधे कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, अर्धी आहे, ३२ च्या जागी १६ एमबी, आणि पीसीआय, म्हणजे प्रोसेसर आणि कार्डामधला रस्ता, ३ नंबरचा आहे, ४ चा नाही. आपण जे कार्ड पाहून राहिलो, आरएक्स ६६००, त्याची लांब पट्टी सोळा लेनची दिसते पण आत तारा आठच लेनच्या. पीसीआय ४ वर आठ लेन म्हणजे पीसीआय ३ च्या सोळाइतकं, तिथे काही अडत नाही. पण ३ वर आठच मिळाल्या की रस्ता अर्धा. चालत नाही असं नाही, पण आपण बी५५० बोर्डाचे पैसे देऊन मग त्याचा फायदाच घालवायचा? एका अक्षराचा फरक. मला आमच्या धंद्यातलं आठवलं, कपॅसिटर अडीच एमएफडीचा पाहिजे आणि कोणी चारचा लावून देते, पंखा फिरतेच, पण मोटर गरम होऊन सहा महिन्यांत माझ्याकडे येते.

दुसरी गोष्ट माझ्या हद्दीतली होती म्हणून जरा जास्त लिहितो. तिसऱ्या दुकानात कॅबिनेटसोबत एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, फुकट. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. मी हातात घेतला तर हलका, म्हणजे आमच्या पाव एचपीच्या मोटरचं झाकणसुद्धा त्याच्यापेक्षा जड असेल. मागे लाल स्विच, ११५ आणि २३० चा, म्हणजे आत ॲक्टिव्ह पीएफसीचं, पॉवर फॅक्टर सुधारणारं, सर्किट असण्याची आशा सोडा. मग स्टिकर वाचला. पीसीमधे प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही खातात १२ व्होल्टच्या लाइनवरून, तर पाहायचं ते १२ व्होल्टसमोरचे अँपिअर. तिथे १६. बारा सोळे १९२. म्हणजे ४५० लिहिलेला डबा कामाच्या लाइनवर १९२ वॅट देते, आणि तोही लिहिलेला खरा धरला तर.

आता हिशोब. कार्ड १३२ वॅट. प्रोसेसर ६५ चा म्हणतात पण जोरात चालला की ७६ पर्यंत खातो. बोर्ड, पंखे, एसएसडी, बाकी किरकोळ ४०-५०. झाले २५० च्या आसपास. आणि कार्ड क्षणभर याच्यापेक्षा कितीतरी जास्त ओढते, मोटरचा स्टार्टिंग करंट असते तसंच, त्या क्षणाला एसएमपीएस बसला की पीसी बंद. आणखी एक, त्या फुकटच्या डब्याला कार्डात लावायची ६ अधिक २ वाली पिनच नव्हती. दुकानदार म्हणे मोलेक्सचं, म्हणजे जुन्या चार पिनच्या वायरवरून, कन्व्हर्टर देतो नं भाऊ. मी म्हटलं राहू द्या. आठ पिनच्या कार्डाच्या कनेक्टरवरून १५० वॅटपर्यंत जायचे असतात, तो भार ते कोणत्या तारेवर टाकणार होते कोणास ठाऊक.

आम्ही ५५० वॅटचा पाहिला, १२ व्होल्टवर ४५ अँपिअर, म्हणजे ५४०. हा माणूस खरं बोलून राहिला. ८० प्लस ब्राँझ म्हणजे वीज कमी वाया घालवते एवढंच, ते टिकण्याचं सर्टिफिकेट नाही, पण बरेचदा दोन्ही सोबत येते.

येताना पोरीने तर्री पोहे खाल्ले, संध्याकाळी सात वाजता. असो.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

आईने मुहूर्त सोडू दिला नाही. सगळं आज घेतलं. प्रोसेसर ११,५००, बी५५० एम बोर्ड ९,२००, रॅम ८ च्या दोन पट्ट्या ३२०० वाल्या ३,६००, एक टीबी एनव्हीएमई एसएसडी ५,८००, आरएक्स ६६०० कार्ड १९,८००, एसएमपीएस ४,२००, कॅबिनेट तीन पंख्यांसहित ३,६००. झाले ५७,७००. मॉनिटर २४ इंची ९,५००. एकूण ६७,२००. पहिल्यांदाच घरातलं कोणतं काम बजेटच्या आत बसलं.

रॅम १६ ची एक पट्टी शंभर रुपये स्वस्त होती, नाही घेतली. दोन पट्ट्या म्हणजे दोन चॅनेल, डेटाला दोन रस्ते.

कॅबिनेटसाठी पोरगी दुकानात टेप घेऊन बसली होती. कार्डाची लांबी मोजायची ती समोरचे पंखे लावून, कारण पंखा २५ मिलिमीटर जागा खातो आणि डब्यावरचा आकडा पंख्याशिवायचाच असते. समोर काच असलेलं कॅबिनेट फार सुंदर दिसत होतं, लाल निळे लाइट. मी म्हटलं नागपूर आहे बाई, समोर जाळीच पाहिजे. कूलरला तीन बाजूंनी काचा लावून कोणी विकलं तर घेशील का?

बाकीचे २,८०० पाहून मला सुरसुरी आली. दुसऱ्या दिवशी (हे १० तारखेला लिहून राहिलो) एकट्याने जाऊन प्रोसेसरसाठी मोठा टॉवर कूलर घेऊन आलो, १,९०० चा. सोबत येते तो छोटा कूलर हातात घेतला तर वाटीएवढा, आणि आपल्याकडे मे महिना. पोरीला विचारलं नाही. कूलरचं मला कोण शिकवणार!

१९ एप्रिल, शुक्रवार

मतदानाची सुट्टी. सकाळी सातलाच मत देऊन आलो, मग हॉलमधे चादर अंथरून जोडायला बसलो.

प्रोसेसर तिने बसवला. एएम४ ला पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१, केसासारख्या, एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण, तो सॉकेटच्या त्रिकोणावर. दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं, आपोआप खाली बसते. रॅम मात्र दाबावी लागते. माझा हात भीत होता, तिने अंगठ्याने कट्कन बसवली. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे, पहिल्या दोनमधे नाही. बोर्ड मायक्रो एटीएक्स, कॅबिनेट मोठं, तर पितळेचे स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड टेकतो ते खुंट, तीन जागी जास्तीचे होते, ते काढून टाकले. बोर्डाच्या पाठीला लागले तर शॉर्ट.

केबल लावताना एक इथे लिहून ठेवतो कारण दिसायला अगदी जुळ्या बहिणी आहेत: प्रोसेसरची आठ पिनची वायर ४ अधिक ४ अशी तुटते आणि कार्डाची ६ अधिक २ अशी. त्यांच्यातले व्होल्ट आणि ग्राउंड उलट्या रांगेत. मल्टिमीटर लावून पाहिलं, खरंच उलटे. खाचांचे आकार वेगळे आहेत म्हणून सहसा जात नाही, पण जोर करणारे लोक मी रोज पाहतो.

मग टॉवर कूलर. छान बसला, पेस्ट लावली, वायर जोडली, कॅबिनेटच्या बाजूची काच लावायला गेलो तर काच लागेना. एका कोपऱ्यात उभी राहिली. कूलरची टोपी काचेला टेकत होती. पोरीने वही काढली, तिच्यात ३० मार्चच्या पानावर लिहिलेलं: कॅबिनेट, सीपीयू कूलर जास्तीत जास्त १५५. मी डबा पाहिला, १५८.

मी घरी आणताना कॅबिनेटची रुंदी मोजली होती हो, बाहेरून, २०० भरली, म्हटलं भरपूर आहे. पण त्यातून मागे वायरी जायची जागा २५, स्टँडऑफ साडेसहा, बोर्ड दीड, सॉकेट आणि प्रोसेसर मिळून आठेक, काच ४. राहिले १५५. रोटर आणि स्टेटरमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आत सांभाळणारा माणूस मी, आणि तीन मिलिमीटरवर बसलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणे, कूलरमधेच चुकले का तुम्ही? आता हे वर्षभर ऐकायचं आहे.

टॉवर काढला. ओढायचा नाही, डावीउजवीकडे फिरवत फिरवत सोडवायचा, नाहीतर पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसहित वर येतो. मग छोट्याला लावायला बोर्डावरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात आणि त्या काढल्या की मागची लोखंडी प्लेट खाली पडते, ती एका हाताने धरून ठेवायची. हे आधी माहीत असतं तर पंधरा मिनिटं वाचली असती.

संध्याकाळी साडेसहाला बटण दाबलं. पंखे फिरले, बोर्डावरचे छोटे दिवे एकेक करून लागले, विझले, स्क्रीन काळी. पोरगी रडायच्या बेतात. मी मागे पाहिलं. मॉनिटरची वायर मी बोर्डाच्या भोकात लावली होती, आणि ५६०० ला तर स्वतःचं ग्राफिक्सच नाही. कार्डात लावली, आलं. तिने हे कोणाला सांगायचं नाही असं ठरलं आहे.

५ मे, रविवार

दोन दिवसांपासून पोरगी सांगून राहिली की कॅबिनेटला पाय लागला की झिणझिण्या येतात. मला ऐकल्याबरोबर कळलं. प्रत्येक चांगल्या एसएमपीएसमधे आवाज गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून. अर्थिंग नीट असली तर त्यांच्यातून येणारा इवलासा करंट जमिनीत जातो. नसली तर बॉडीवर निम्मे व्होल्ट, म्हणजे ११५ च्या आसपास, उभे राहतात. मीटरने मोजलं, १०८. पार्ट सगळे एकमेकांशी जुळले, घराशी जुळले नाही.

फेज आणि अर्थमधे टेस्ट लॅम्प लावला तर मिणमिणला. अंगणातला अर्थिंगचा खड्डा पाहिला, माती दगडासारखी, भेगा पडलेल्या. एप्रिल-मेमधे सगळीकडेच होते हे, पाणी टाकायचं कोणाच्या ध्यानात नसते. चार बादल्या हळूहळू टाकल्या, वरची गंजलेली क्लँप काढून घासून नवी लावली. लॅम्प पूर्ण पेटला, बॉडीवर दीड व्होल्ट. घरी करून पाहणाऱ्यांना सांगतो, टेस्ट लॅम्प वायरमनच्याच हातात द्या.

त्याच दिवशी इन्व्हर्टरपण पाहिला. आमचा जुना, स्क्वेअर वेव्हचा, पंखे त्याच्यावर घूं घूं करतात. लाइट गेली की पीसी रीस्टार्ट, कारण तो बदलायला जितका वेळ घेतो तितका वेळ एसएमपीएसच्या आतला साठा पुरत नाही, तो फक्त पंधरा-सतरा मिलिसेकंदांचा असते. वेगळा यूपीएस घ्यायचा ठरवलं. इथे पण तेच, ६०० लिहिलेलं असते ते व्हीए, वॅट ३६० च. क्लँप मीटर लावून पाहिलं, गेम चालू असताना मॉनिटरसहित १.२५ अँपिअर, म्हणजे २९० च्या जवळ. १,१०० व्हीएचा, ६६० वॅटवाला घेतला. त्याची वेव्ह शुद्ध साइन नाही, काही एसएमपीएस तशावर बंद पडतात म्हणून दुकानातच एसएमपीएस नेऊन, प्लग काढून-लावून पाच वेळा पाहिलं. दुकानदार वैतागला. चाललं.

३० मे, गुरुवार

निकाल २७ ला लागला, पोरगी चांगल्या मार्काने पास, त्यामुळे आता गेमवर बोलायची सोय नाही.

आज शहरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवलं, दिवसभर फोनवर तेच. दुकानात एक आजोबा म्हणे, बाप्पा, कूलरचं पाणी उकळेल आता. आपल्या पीसीचे आकडे मात्र खरे वाटतात: दुपारी खोलीत ३६, कूलर चालू, गेम तासभर, प्रोसेसर ८२, कार्ड ७४. रात्री खोली ३१ वर आली तर दोन्ही पाच-पाचने खाली. हवेचा कूलर कोणताही लावा, हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही, खोली जितकी वर तितकाच आकडा वर. बाहेरच्या देशातले लोक बावीस-तेवीस अंशाच्या खोलीत मोजून ६८ सांगतात, त्याच्यात आपले तेरा-चौदा मिळवून घ्यायचे. म्हणजे तो वाटीएवढा फुकटचा कूलर मे महिन्यात पुरला. १,९०० चा टॉवर दुकानाच्या फळीवर पडून आहे.

पोरीने गेममधे फ्रेम ६० वर बांधून पाहिले, कार्डाचा वॅट निम्म्यावर आला, खोलीही कमी तापली. मला पटलं.

जागा बदलली. टेबल कूलरच्या समोर होतं, तिला वाटलं गार हवा लागेल. पण त्या हवेत बारीक थेंब असतात, आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार कूलरच्या पात्यांवर पांढरा जमतो तो मी खरवडतो नं रोज, तोच कार्डावर जमला असता. आता बाजूच्या भिंतीला, हवा खोलीत फिरून मग पोचते.

मागून बातमी आली की ५६ वाल्या केंद्राचा सेन्सरच बिघडला होता.

१६ जून, रविवार

फुरसत झाली, कूलरचा सीझन उतरला. समोरची जाळी काढून ब्रशने झाडली, धूळ कमी होती, पेंढ्याचे तुकडेच जास्त.

पोरगी आज कशात तरी पाहत होती आणि ओरडली. रॅम ३२०० ची घेतली, चालून राहिली २४०० वर. पाडव्याला पैसे दिले, दोन महिने झाले. बायोसमधे एक्सएमपी नावाची एक ओळ असते, ती चालू करावी लागते, तोपर्यंत बोर्ड सावध वेगानेच चालवते. दुकानदाराने सांगितलं नाही, तिच्या व्हिडिओवाल्यांनी सांगितलं होतं म्हणे पण तिच्या ध्यानातून गेलं. चालू केलं, दोनदा रीस्टार्ट झाला, मग ३२०० दिसले. मी तिला म्हटलं, तुझे ८०० आणि माझे ३ मिलिमीटर, फिटंफाट. ती म्हणे नाही, माझं फुकटात दुरुस्त झालं.

टॉवर कूलरला गिऱ्हाईक पाहून राहिलो. कॅबिनेट आतून १६० च्या वर असेल त्यालाच देईन, मोजून.